नसलेल्या पेडाची जागा

या कथेचा सगळा भार ‘पीळ’ या शब्दावर आहे, म्हणून आधी तो नीट पाहून घेतला पाहिजे. माणसाच्या ताठ्यालाही आपण पीळ म्हणतो. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. येथे दोर वळणाऱ्याचा पीळ आहे. काथ्याचे तंतू एका अंगाने वळले की त्यांचा पेड होतो. एकटा पेड हातातून सुटला की उलगडू लागतो. असे दोन पेड शेजारी धरून विरुद्ध अंगाने एकमेकांभोवती वळले, म्हणजे दोघांची उलगडण्याची ओढच दोघांना धरून ठेवते. या धरून ठेवण्याला पीळ म्हणावे. पीळ हा काथ्याहून निराळा पदार्थ नाही. तो तोलून दाखवता येत नाही, आणि तो काढून घेतला तर दोर म्हणून काही उरत नाही.

शास्ता, म्हणजे बुद्ध, विहारात राहत असताना एका भिक्षूचा गुडघा दुखत असे. ‘मन जिंकले असतेस तर गुडघा दुखला नसता,’ असे त्याचा एक सोबती म्हणे. ‘गुडघा सुजलेला तर दिसत नाही, मग दुखेल कसा?’ असे दुसरा म्हणे. अखेर त्या भिक्षूने दुखणे सांगायचेच सोडले, आणि खाली बसताना तो दात आवळून हसू लागला. ते हसू शास्त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी त्याला जवळ बोलावले, पाय लांब करून बसायला सांगितले आणि पूर्वजन्मीची ही कथा सांगितली.

पश्चिम समुद्राच्या काठी शंखपट्टण नावाच्या नगरात पूर्वी जयंधर राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व काथ्याचे दोर वळणाऱ्या घरात जन्माला आला होता, आणि त्याचे नाव सोमिल होते. नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड साले, खाडीच्या चिखलात महिनोन्महिने पुरून ठेवायची, ती काढून मोगरीने बडवायची, मोकळा झालेला काथ्या तळहातांवर वळायचा, यात त्याचे केस पांढरे झाले होते. नगरातली सगळी तारवे त्याच्या दोरांनी धक्क्याला बांधली जात. लोक त्याला सोमिलबाबा म्हणत.

शंखपट्टणाच्या खाडीचे तोंड अरुंद होते आणि पाण्याखाली खडक होते. तारू आतबाहेर न्यायचे तर ती वाट जाणणारा कर्णधार पुढच्या टोकाशी उभा राहून ‘डावीकडे’, ‘धीराने’, ‘वल्ही उचला’ असे पुकारी, आणि मागे सुकाणू धरलेली माणसे त्याप्रमाणे करीत. शंभर जीव एका माणसाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि शब्दावर सोपवलेले असत. म्हणून तेथे एक रीत होती. पावसाळा सरून समुद्र उघडला, की सगळे कर्णधार गुडघाभर पाण्यात उभे राहत आणि आपल्या अंगाची स्थिती राजासमोर व लोकांसमोर सांगत. याला अंगकथन म्हणत. ‘डावा डोळा अंधुक झाला,’ असे कोणी सांगितले तर त्याच्या जोडीला दुसरा डोळस माणूस देत. अंगातल्या उणेपणामुळे कोणाचे कर्णधारपद जात नसे. खोटे कथन केले तर मात्र जाई, आणि ते जन्माचे जाई.

त्या कर्णधारांत तिष्यक नावाचा एक जण होता. सतरा वर्षांत त्याच्या हातून एकही तारू खडकाला लागले नव्हते. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी, समुद्र मिटण्याच्या सुमारास, अकस्मात वादळ उठले, आणि नांगर तुटलेले एक परके तारू खडकांकडे वाहू लागले. तिष्यकाने धक्क्यावरून दोर फेकला, आणि आपल्याकडच्या टोकाचा तो खांबाला वळसा घालीत असताना त्याचे उजवे मनगट त्या वळशात सापडले. त्याने मूठ सोडली असती तर हात निसटला असता, दोरही निसटला असता. त्याने मूठ सोडली नाही. त्या दोराने तारू काठाला आले आणि तीस माणसे उतरली. त्याआधीच तिष्यकाची शुद्ध हरपली होती. माणसे वाचल्याचे त्याला मागाहून इतरांकडून कळले. चिरडलेला हात वैद्यांनी मनगटापासून कापून टाकला.

जखम भरून आली. हात मात्र गेला नाही, निदान तिष्यकाला तो गेल्यासारखा वाटेना. तो तेथेच होता, मुठीत वळलेला होता, आणि नखे तळव्यात रुतत होती. जेवताना, चालताना, सूर्याला नमस्कार करताना ती मूठ आवळलेलीच राही.

“तेल चोळू का हो?” त्याची बायको सामा विचारी.

“कोठे चोळशील?”

“जिथे दुखते तिथे.”

“तिथे या घटकेला माझी मांडी आहे.”

“मग मांडीला चोळते. तेल काही वाया जात नाही.”

दोघे हसत. हसण्याने मूठ उघडत नसे, पण तेवढी घटका बरी जाई.

समुद्र उघडण्याचा दिवस आला. तिष्यक पाण्यात उभा राहिला आणि त्याने रीतीप्रमाणे कथन केले : “दोन्ही डोळे धड. दोन्ही कान धड. डावा हात धड. उजवा हात मनगटापासून नाही. तो दुखतो.”

काठावर हशा पिकला. शेजारचा कर्णधार म्हणाला, “तिष्यका, नसलेल्या हाताची नखेही वाढतात का रे? मग न्हाव्याला कोठे बसवतोस?”

राजा हसला नाही. त्याने विचारले, “तुझा हात कोठे आहे?”

“वैद्यांनी तो समुद्रात सोडला, महाराज.”

“मग दुखते ते काय?”

“हातच दुखतो, महाराज.”

राजाजवळ त्याचे दोन आचार्य बसले होते. एकाचे नाव स्थूलकोष्ठ. मन म्हणजे देहाचाच एक व्यापार, असे त्याचे मत होते, आणि देहाची तो उत्तम निगा राखी. दुसऱ्याचे नाव कृशाश्व. मन देहाहून सर्वस्वी वेगळे, असे त्याचे मत होते, आणि तो एक दिवसाआड जेवी. एकाने होय म्हटले की दुसऱ्याने नाही म्हणायचे, असा वीस वर्षांचा नेम होता.

स्थूलकोष्ठ म्हणाला, “मन ही देहाची ऊब आहे. जेथे चूलच नाही तेथे ऊब कोठून येणार? हात नाही, म्हणून हाताचे दुखणे नाही. हा खोटे बोलतो.”

कृशाश्व म्हणाला, “देह हे वस्त्र आहे आणि मन ते नेसणारे आहे. पदर फाटला म्हणून नेसणाऱ्याला लागत नाही. ‘तो हात म्हणजे मी नव्हे’ एवढे जाणले की दुखणे संपले. हे जाणण्याऐवजी हा दुखते म्हणत बसला आहे. हा खोटे बोलतो.”

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघेही दचकले, कारण एकमत होण्याची त्यांना सवय नव्हती.

जयंधर राजा दयाळू होता, आणि खाडीतले खडकही त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, “तिष्यका, परवा पहिले तारू निघायचे आहे. तेव्हा पुन्हा कथन कर. हात नाही, एवढे म्हण आणि थांब. शेवटचे दोन शब्द तेवढे सोडून दे. तुझे पद तुझ्याकडेच राहील. पुन्हा तेच म्हणालास तर रीत मला मोडता येणार नाही.” नंतर तो लोकांना उद्देशून म्हणाला, “मन आणि देह एक आहेत की दोन, याचा निर्णय जो कोणी लावील त्याला मी राजसभेत पंडिताचे आसन देईन.”

तिष्यक घरी आला. सामा भात वाढता वाढता म्हणाली, “दोनच शब्द आहेत ना? ते घरी म्हणा, हवे तितक्या वेळा. पाण्यात म्हणू नका.”

“ते पाण्यातच म्हणायचे असतात.”

“तुम्ही गप्प राहिलात म्हणून कोणते तारू बुडणार आहे?”

घास घेऊन तिष्यक म्हणाला, “एक दिवस डोळ्यांपुढे अंधारी येईल. तेव्हाही गप्प राहणे मला सोपे जाईल.”

सामाने वाढण्याचा हात थांबवला. ती म्हणाली, “मग म्हणा. तुम्ही घरी बसलात तर मलाच अधिक त्रास आहे, हे ध्यानात ठेवून म्हणा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिष्यक कोणाशी बोलावे लागू नये म्हणून दोर वळण्याच्या लांब छपराखाली जाऊन बसला. तेथे दोन टोकांना दोन माणसे असत. एक जण टोक धरून उभा राही, आणि दुसरा काथ्या वळत वळत मागे सरके. सोमिलाने हातचे काम पुरे केले, आणि पाणी पिऊन तो तिष्यकाजवळ येऊन बसला.

“कसा दुखतो?” त्याने विचारले.

तिष्यकाने मान वर केली. गेल्या चार महिन्यांत ‘हात नसताना दुखेलच कसा?’ असे त्याला पुष्कळांनी विचारले होते. हा प्रश्न वेगळा होता. तो सांगू लागला आणि बराच वेळ सांगत राहिला. मूठ आवळलेली आहे, अंगठा आत दुमडलेला आहे, नखे तळव्यात आहेत, दोराचा ओला काथ्या बोटांना टोचतो.

“दोर अजून हातात आहे?”

“आहे, बाबा. हेही खोटेच म्हणायचे का?”

सोमिल छपराच्या दुसऱ्या टोकाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आमच्याकडे टोक धरणाऱ्याने आपण होऊन सोडायचे नसते. वळणारा ‘सोड’ म्हणतो, तेव्हा त्याने सोडायचे. आधीच सोडले तर सगळा पीळ उसळून अंगावर येतो. वादळाच्या दिवशी तुला ‘सोड’ असे कोणी म्हटले?”

तिष्यकाने आठवून पाहिले. “त्याआधीच मी पडलो.”

“म्हणजे कोणीच म्हटले नाही. तो दोर माझ्या हातचा होता. म्हणायला हवे होते ते मीच.”

सोमिल उठला. त्याने तिष्यकाच्या डाव्या हातात एका दोराचे टोक दिले आणि उजवे मनगट त्या दोरावर टेकवायला सांगितले. दुसरे टोक घेऊन तो चाळीस पावले मागे गेला आणि दोर वळू लागला. दोर ताठ झाला. तिष्यकाच्या दंडाच्या शिरा फुगल्या, कपाळाला घाम आला, आणि नसलेली मूठ असलेल्या मुठीइतकीच घट्ट झाली. इतर माणसांनी आपली कामे थांबवली.

सोमिलाने दुरून पुकारले, “तिष्यका! तारू काठाला लागले. तीसही माणसे उतरली. आता सोड!”

डावा हात सुटला. दोर सापासारखा उसळून वाळूत पडला. तिष्यक मात्र आपल्या उजव्या मनगटाच्या पुढच्या मोकळ्या जागेकडे पाहत उभा राहिला. तेथे करंगळी आधी सैल झाली, मग तिच्या शेजारचे बोट, मग बाकीची, आणि सर्वांत शेवटी अंगठा बाहेर आला. तिष्यक रडत होता की हसत होता हे त्याला स्वतःलाही नीट कळत नव्हते.

सोमिल चालत जवळ आला. “गेले का दुखणे?”

“नाही. दुखतो. पण आता उघडा दुखतो.”

“तेवढे झाले तरी पुष्कळ,” सोमिल म्हणाला.

दोर वळणारे भोवती जमले होते. त्यांतला एक म्हणाला, “सोमिलबाबा, आता उशीर करू नका. हे राजाला सांगा आणि पंडिताचे आसन घ्या. मन मोठे, देह लहान, झाला निर्णय!”

“हाताने दोर ओढला तेव्हा मूठ सुटली,” दुसरा म्हणाला. “देह मोठा म्हणा.”

“आसनावर बसून दोर वळता येत नाहीत रे,” सोमिल म्हणाला, आणि त्याने त्या दोघांना सोडणे बडवायला धाडले.

तिसरा दिवस उजाडला. पहिले तारू भरून उभे होते. तिष्यक पाण्यात उतरला तेव्हा त्याच्यापुढचा मोह आदल्या दिवसापेक्षा मोठा होता. दुखणे आता इतके थोडे उरले होते, की ते सांगितले नाही तरी खोटे बोलल्यासारखे वाटले नसते. काठावर सामा उभी होती. राजाचे डोळे जणू विनवत होते.

“दोन्ही डोळे धड,” तिष्यक म्हणाला. “दोन्ही कान धड. डावा हात धड. उजवा हात मनगटापासून नाही.” तो थांबला. लोकांनी श्वास सोडला. “तो दुखतो. परवापेक्षा कमी.”

राजाने खाली पाहिले. पदच्युत कर्णधाराचे वल्हे मोडण्याची रीत होती, त्याप्रमाणे सेवकाने तिष्यकाचे वल्हे उचलले.

तेवढ्यात सोमिल पुढे आला. त्याच्या हातात तीन वर्षे तारवावर राबलेला एक दुपेडी दोर होता, हातभर लांबीचा. “महाराज, वल्हे मोडण्याआधी हा दोर एकदा पाहावा.” त्याने दोराचे टोक सोडवले आणि त्यातला एक पेड हळूहळू, गोल फिरवत, पूर्ण काढून घेतला. काढलेला पेड त्याने पाण्यात टाकला. लाट तो घेऊन गेली. उरलेला पेड त्याने राजाच्या तळहातावर ठेवला.

राजाने पाहिले. तो एकटा पेड सरळ झाला नव्हता. वेलाने झाडाला विळखे घालावेत तसे त्याने कशाला तरी विळखे घातले होते. आत झाड नव्हते. दुसऱ्या पेडाच्या जाडीची पोकळी मात्र टोकापासून टोकापर्यंत जशीच्या तशी होती. राजाने पेड दोन्ही हातांनी ओढून सरळ केला आणि सोडला. पेड पुन्हा विळखे घालून बसला.

“दुसरा पेड कोठे आहे, महाराज?”

“समुद्रात.”

“मग हा कोणाला धरून आहे?”

राजाने पेड पुन्हा ओढला, पुन्हा सोडला.

“तीन वर्षे दोघांनी एकत्र ओझे ओढले,” सोमिल म्हणाला. “एक गेला. दुसऱ्यात त्याची जागा आहे. हा पेड खोटे बोलतो आहे काय?”

“बरोबर!” स्थूलकोष्ठ उठून म्हणाला. “पीळ काथ्यातच आहे. काथ्या म्हणजे देह. माझेच मत सिद्ध झाले.”

“काय सिद्ध झाले?” कृशाश्वही उठला. “पेड गेला तरी पीळ राहिला. म्हणजे पीळ पेडाहून वेगळा. मत माझे सिद्ध झाले!”

“पेड राहिला म्हणून पीळ राहिला!”

“गेलेल्या पेडाचा राहिला, हे सोयीने विसरता!”

आचार्यांचा नेम पुन्हा सुरू झालेला पाहून लोकांना बरे वाटले. राजाने हात वर करून दोघांना थांबवले. “सोमिला, तूच सांग. एक की दोन? आसन रिकामे आहे.”

“महाराज, मला ठाऊक नाही,” सोमिल म्हणाला. “हे दोघे आचार्य विद्वान आहेत, आणि त्यांतला एक कदाचित खरा असेल. मला एवढेच दिसते, की दोघांनी आपापल्या मतावरून या माणसाचे दुखणे ठरवले. ते मतावरून कळत नाही, महाराज, त्यालाच विचारावे लागते. काल मी त्याला विचारले. त्याने जे सांगितले त्यावरून मला त्याची मूठ सोडवता आली. खोटे असते तर कशाला धरून सोडवली असती?”

राजाने तो पेड उपरण्याच्या टोकाला बांधला. “वल्हे खाली ठेवा,” तो म्हणाला. “आजपासून रीतीत एवढी भर घाला. ज्याचे अंग, त्याचे कथन. ऐकणाऱ्याने ते ऐकावे, आणि कसे दुखते एवढेच विचारावे.” मग तो कर्णधाराकडे वळला. “तिष्यका, भरतीची वेळ निघून चालली आहे. तू येथे काय करतोस?”

तिष्यक धावत तारवावर चढला. थोड्याच वेळात खाडीच्या तोंडाकडून त्याचा पुकारा ऐकू आला, “डावीकडे! धीराने! वल्ही उचला!” काठावरच्या बायका सामाला म्हणाल्या, “केवढा आवाज गं हा!” ती म्हणाली, “घरी असता तर हा सगळा मला ऐकावा लागला असता,” आणि तारू खडकांपलीकडे जाईपर्यंत ती तेथून हलली नाही.

सोमिलाने आसन घेतले नाही. तो छपराखाली परतला, आणि आयुष्यभर दोर वळून, कर्मानुसार पुढच्या गतीला गेला.

ही कथा सांगून शास्त्यांनी जन्मांची जुळणी केली : “भिक्षूंनो, त्या वेळचा तिष्यक कर्णधार म्हणजे गुडघा दुखणारा हा भिक्षू. स्थूलकोष्ठ आणि कृशाश्व म्हणजे त्याचे हे दोन सोबती. नेम अजून सुटलेला नाही. दोर वळणारा सोमिल मीच होतो.” मग त्यांनी त्या भिक्षूला विचारले, “कसा दुखतो?” आणि त्याने सांगितले. सत्य हा गुण या कथेत तिष्यकाचा आहे. बोधिसत्त्वाने त्या जन्मी पूर्ण केली ती करुणा, जी मत बनवण्याआधी विचारते.

ही कथा सांगणारे आज दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक अशी, की दोन पेड म्हणजे मन आणि देह, असे बोट ठेवून सांगतात. सोमिलाने तसे कोठेही म्हटलेले नाही. विचारले तेव्हा त्याने ठाऊक नाही असेच उत्तर दिले, आणि ते उत्तर विनयाचे नव्हते, खरे होते. दुसरी चूक अधिक मोठी. सोमिलाने ‘सोड’ म्हटले आणि दुखणे समूळ नाहीसे झाले, असा गोड शेवट करतात. तिष्यक त्यानंतर एकवीस वर्षे कर्णधार होता, आणि दर वर्षी त्याने पाण्यात उभे राहून ‘तो दुखतो’ असेच कथन केले. दुखणे गेले असते, तर त्याने तसे सांगितले असते.